एकाच मिठाचे दोन आकडे

काटेबाईंनी मिठाच्या बरणीला तार गुंडाळली, गाठीवर लाख ओतली आणि वर शिक्का दाबला, तेव्हा त्यांचे यजमान स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून पोट धरून हसत होते.

"अगं, मीठ आहे ते! दारूगोळा नाही!"

"हसा, हसा," बाई म्हणाल्या. "हसायला मीठ लागत नाही."

त्यांच्या दृष्टीनं त्यात हसण्यासारखं काहीच नव्हतं. वजनमापं तपासण्याच्या खात्यात त्यांची बावीस वर्षं गेली होती. त्या बाजाराच्या तोंडाशी दिसल्या की या टोकापासून त्या टोकापर्यंत दुकानदारांना खोकल्याची उबळ यायची, आणि त्या खोकल्याच्या आड कुणी पारड्याखालचं मेण खरवडायचं, तर कुणी पोखरलेलं वजन पोत्यामागे सारायचं. बाईंना हे सगळं पाठ होतं. त्यांचं खरं नाव ओळखपत्रावर होतं, ते तिथेच राहिलं. बाजार त्यांना काटेबाई म्हणायचा आणि घरात चिडवायला नवराही तेच म्हणायचा. हां, तार आणि लाख मात्र त्यांनी स्वतः जाऊन विकत आणली होती. ऑफिसची तार घरी आणायची म्हणजे सरळ चोरी, दुसरं काय!

यजमानांचं काम उंचावरचं. मोठ्या बांधकामावर ती आकाशाला भिडलेली क्रेन असते ना, तिच्या वरच्या टोकाशी एक काचेची खोली असते. तिथे बसून ते लोखंडाच्या मोळ्या उचलायचे आणि बाराव्या मजल्यावर अशा अलगद ठेवायचे की खाली आवाज येऊ नये. अंगानं जेमतेम पाच फूट, म्हणून साइटवर सगळे त्यांना उंचमामा म्हणत. जमिनीवर मामा म्हणजे अगदी गरीब माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण वर चढले की त्यांचा रुबाब बघावा! तीस वर्षांत त्यांच्या हातून एक वीट निसटली नव्हती. ही गोष्ट ते स्वतः कधी सांगत नसत, पण दुसरा कुणी सांगायला लागला की चहाचा कप खाली ठेवून ऐकत.

तर त्या वर्षीच्या तपासणीत कंपनीच्या डॉक्टरांनी मामांच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधला आणि आकडा आला एकशे छप्पन्न. खालचा अठ्ठ्याण्णव. नियम असा की एकशे साठच्या वर गेलं की त्याच क्षणी खाली उतरायचं. एकशे चाळीस ते साठच्या मध्ये असलं तर आठ आठवड्यांची मुदत. त्यात आकडा उतरला तर ठीक, नाहीतर क्रेनची किल्ली दुसऱ्याच्या हातात. नियमाला नावं ठेवायला जागा नव्हती. वर माणसाला भोवळ आली तर खाली पन्नास डोकी असतात.

मामांच्या तोंडचं पाणी पळालं ते क्रेनसाठी. बाईंचं पळालं ते वेगळ्याच कारणानं. दोन वर्षांपूर्वी मामांचे थोरले बंधू जेवता जेवता ताटावर कोसळले होते. माणूस वाचला, पण उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. आता ते खिडकीशी बसून असतात आणि कुणी आलं की डोळ्यांनी काहीतरी सांगायचा प्रयत्न करतात. बाईंनी तो चमचा ताटात पडतानाचा आवाज ऐकला होता, आणि तो काही केल्या कानातून जात नव्हता.

दोघं डॉक्टरीणबाईंकडे गेली. डॉक्टरीणबाई वयानं लहान, पण बोलायला स्वच्छ. म्हणाल्या, "आजपासून एक गोळी सुरू करू, आणि मीठ कमी करा."

"दोन्ही एकदम?" बाईंनी विचारलं.

"हो. का?"

"दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर फरक कशानं पडला ते कळणार कसं? पारड्यात एका वेळी एकच वजन टाकायचं असतं."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून पुसला. मामा खुर्चीत बसून पंख्याकडे बघत होते. गोळीला त्यांची काही हरकत नव्हती, पण त्यांना कुणी विचारलंच नाही. बाई पुढे सरसावून सांगत होत्या. त्यांच्या वडिलांना असंच झालं होतं. वरचा आकडा एकशे सत्तर. बाई तेव्हा एकोणीस वर्षांच्या होत्या, आणि त्यांनी वडिलांचं मीठ औषधाच्या तराजूवर मोजून द्यायला सुरुवात केली. गोळी नाही, काही नाही. महिन्यात आकडा उतरून एकशे तीसवर आला! वडील पुढे सोळा वर्षं जगले आणि येईल त्या पाहुण्याला म्हणायचे, माझ्या लेकीनं मला तोलून जिवंत ठेवलं. त्या वाक्यावर बाईंचं अख्खं आयुष्य उभं होतं म्हटलं तरी चालेल. खात्यातल्या नोकरीचा अर्जसुद्धा त्यांनी त्यानंतरच केला होता.

"बरं," डॉक्टरीणबाई शेवटी म्हणाल्या, "आठ आठवडे बघू. पण दर आठवड्याला मोजायचं, आणि एकशे साठच्या वर गेलं तर लगेच माझ्याकडे."

झालं. बाईंनी कामाला हात घातला. माणशी दिवसाला चार ग्रॅम मीठ, त्यात सगळं आलं. सकाळी सील तोडायचं, छोट्या काट्यावर दोघांचं मोजून काढायचं, परत सील. लोणची, चटण्या, पापड, सॉसच्या बाटल्या शेजारणीला देऊन टाकल्या. ती बिचारी दोन दिवस कारण विचारत होती. बाई स्वतःही तेच जेवत. नवऱ्याला अळणी वाढायचं आणि आपण चवीचं खायचं, असल्या बायकांचा त्यांना तिटकारा होता. उकडलेले बटाटे, उकडलेली अंडी, फिकी भाजी, फिका भात. मामा घास तोंडात घेऊन बराच वेळ थांबायचे, जणू चव मागून येणार आहे, आणि मग मुकाट गिळायचे.

"कसं झालंय?" बाई विचारायच्या.

"गरम आहे," मामा म्हणायचे.

बाईंनी प्रेशर मोजायचं यंत्र आणलं आणि एक वही केली. आता बघा, ही बाई कुठलंही उपकरण आधी तपासल्याशिवाय वापरायची नाही. बाजारात जाताना खात्याचं प्रमाण-वजन बरोबर असायचं. काटा आधी त्याच्यावर पारखायचा, मग दुकानदाराचा माल. घरी प्रमाण-वजन कुठून आणणार? म्हणून दर रविवारी सकाळी त्या पट्टा आधी स्वतःच्या दंडाला बांधत, आणि मग मामांच्या. वहीत दोन रकाने होते. एकावर लिहिलं होतं 'यंत्र', दुसऱ्यावर 'हे'.

पहिल्या रविवारी यंत्र एकशे अडतीस, हे एकशे चौपन्न. दुसऱ्या रविवारी यंत्र एकशे तेहेतीस, हे एकशे पंचावन्न. चौथ्या रविवारी यंत्र एकशे चोवीस, आणि हे पुन्हा एकशे चौपन्न.

बाईंच्या मनात पाल चुकचुकली. एक नाही, दोन.

पहिली ही, की यंत्र दगा देतंय. त्या स्वतः धडधाकट होत्या, चार जिने न थांबता चढत होत्या, आजवर डोकं दुखलं म्हणून कधी गोळी घेतली नव्हती. त्यांचं प्रेशर कशाला हलतंय? ज्या वजनावर काटा पारखायचा ते वजन बदलत नसतं. म्हणजे काटाच कमी दाखवायला लागला होता, चौदा अंकांनी. त्यांनी यंत्र दुकानात नेलं. दुकानदारानं आपल्या यंत्राशी ताडून बघितलं आणि म्हणाला, "बाई, अगदी बरोबर आहे." बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो उगाचच खोकला. घरी येऊन त्यांनी वहीत तिसरा रकाना आखला, 'दुरुस्त', आणि मामांच्या आकड्यात चौदा मिळवले. एकशे अडुसष्ट! एकशे साठच्या वर गेलं तर लगेच या, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. पण जायचं आणि सांगायचं काय? नवरा चोरून मीठ खातो? आधी पुरावा हवा.

कारण दुसरी पाल हीच होती. चार ग्रॅम मीठ वडिलांच्या पोटात गेलं आणि महिन्यात आकडा चाळीसनं उतरला. तेच चार ग्रॅम इथे जातंय आणि आकडा ढिम्म हलत नाही. एकच वजन दोन काट्यांवर दोन आकडे दाखवत असेल, तर एक काटा लबाड असतो. बावीस वर्षांत याला अपवाद निघाला नव्हता.

"अहो, खरं सांगा," त्या दिवशी जेवताना बाई खनपटीला बसल्या. "बाहेर काय खाता?"

"काही नाही गं. तू दिलेला डबा."

"कॅन्टीनमध्ये?"

"चहा."

"चहाबरोबर?"

"चहाबरोबर कप," मामा म्हणाले.

बाईंनी त्यांच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. लबाड दुकानदार नजर चुकवतो, नाहीतर फार वेळ नजरेला नजर देतो. मामा फिक्या भाजीत चमचा फिरवत होते, आणि ते नेमकं कशात बसतं ते बाईंना ठरवता येईना. त्यामुळे त्यांचा संशय आणखीच बळावला.

"दादा तर आधीपासूनच कमी मिठाचं खायचा," मामा जरा वेळानं म्हणाले. "आमच्या घरात खारट कुणालाच चालत नाही. तरी त्याला झालंच ना?"

"तसं ते सांगायचे," बाई म्हणाल्या.

मामांनी चमचा खाली ठेवला. खिडकीशी बसलेल्या, बोलता न येणाऱ्या माणसावरही ही बाई शंका घेते, हे त्यांना लागलं असावं.

पाचव्या आठवड्यात पुरावा मिळाला. धुवायला टाकलेल्या मामांच्या जाकिटाच्या खिशातून खाऱ्या दाण्यांचं रिकामं पाकीट निघालं. बाईंनी ते चिमट्यानं उचललं, आत बघितलं. कोपऱ्यात मिठाचे कण. संध्याकाळी मामा घरात पाऊल टाकतात न टाकतात तोच ते टेबलावर मांडलेलं होतं.

"हे काय?"

"ते होय! वर जाताना शिडीत अडकलेलं दिसलं, उचललं. असले कागद वाऱ्यानं उडून काचेला चिकटतात, मग समोरचं दिसत नाही. मी नेहमीच उचलतो."

"आणि आतले दाणे?"

"ज्यानं खाल्ले त्याला विचार."

"त्यालाच विचारतेय!"

मामा हसायला गेले, पण ते हसू तोंडातच राहिलं. "अगं, मी खाल्ले असते तर पाकीट खिशात ठेवून तुझ्या हातात दिलं असतं का? तुला ओळखत नाही का मी?"

मुद्दा बिनतोड होता. पण असे बिनतोड मुद्दे बाईंनी बाजारात ढिगानं ऐकले होते. निरपराध माणसाला मुळात मुद्दे सुचत नाहीत, तो ततपप करतो. दुसऱ्या दिवशी दुपारी रजा टाकून त्या साइटवर गेल्या. सिमेंटच्या धुळीत उभं राहून मान वर करून बघितलं, तर ती काचेची खोली काडेपेटीएवढी दिसत होती आणि आत काहीच दिसत नव्हतं. त्या कॅन्टीनवाल्याकडे गेल्या.

"मामा?" कॅन्टीनवाला म्हणाला. "मामांनी महिनाभर माझ्याकडे चहाशिवाय कशाला हात लावलेला नाही. मीच म्हणालो, भजी घ्या दोन, तर म्हणाले, घरी कळेल."

"घरी कळेल, असं म्हणाले?"

"हो."

म्हणजे न कळण्यासारखं काहीतरी आहे! शिवाय माणूस इतकं पटकन आणि इतकं नेटकं उत्तर देतो, म्हणजे त्याला पढवून ठेवलेलं आहे. बाई परत फिरल्या. त्यांना वाईट वाटत होतं, हेही सांगितलं पाहिजे. नवऱ्याला पकडण्यात त्यांना गोडी नव्हती. रस्ता ओलांडताना त्यांचे डोळे भरून आले होते. या माणसाला कळत कसं नाही, की आपण मूठभर दाण्यांपायी ताटावर कोसळणार आहोत?

लेक दुसऱ्या शहरात असते. तिनं फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आई, बाबा आजवर तुझ्याशी कधी खोटं बोललेत का?"

"तेच तर! म्हणून तर इतके दिवस पकडता आलं नाही."

"धन्य आहेस," लेक म्हणाली. "त्यांना ती गोळी दे ना सरळ."

बाईंनी गोळी दिली नाही. पण त्या डॉक्टरीणबाईंकडे एकट्याच गेल्या आणि थेट विचारलं, माणूस मीठ खातो की नाही हे त्याच्या तोंडावर न विसंबता कळतं का? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कळतं. पोटात गेलेलं मीठ शेवटी लघवीवाटे बाहेर पडतं. पूर्ण चोवीस तासांची सगळी लघवी एका कॅनमध्ये गोळा करायची, प्रयोगशाळेत द्यायची. आदल्या दिवसभरात किती मीठ खाल्लं ते आकड्यात येतं. आणि वही घेऊन या, पुढच्या वेळी.

बाईंना हे फारच आवडलं. पण दिवस आधी सांगितला तर तपासणीला अर्थ काय? आठव्या आठवड्यातल्या मंगळवारी सकाळी सहा वाजता त्यांनी मामांना हलवून जागं केलं आणि पांढरा प्लॅस्टिकचा कॅन पुढे धरला.

"आज."

मामांनी डोळे चोळले. कॅनवर तारीख होती, वेळ होती, झाकणाला सीलची तार मोकळी लटकत होती. "हा घेऊन मी क्रेनवर चढू?"

"चढा."

आणि चढले, बरं का. पाठीवरच्या पिशवीत कॅन घालून दोनशे पायऱ्यांची ती शिडी चढले. खालून कुणीतरी ओरडलं, "मामा, पेट्रोल का?" आणि सगळी साइट हसली. दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी भरलेला कॅन पुढे केला तेव्हा बाईंनी पातळी तपासली, वास घेऊन पाणी मिसळलंय का ते पाहिलं, झाकणाची तार गुंडाळून लाख लावली, आणि स्वतः प्रयोगशाळेत नेऊन दिला. निकाल शनिवारी, असं सांगण्यात आलं.

मधेच गुरुवार आला. गुरुवारी मामांनी घरी एक कागद आणला. आठ आठवड्यांची मुदत शुक्रवारी संपत होती आणि मामांचा आकडा कंपनीच्या डॉक्टरांकडेही एकशे पंचावन्नच भरला होता. पण सुरक्षा अधिकारी भला माणूस होता. त्या कंपनीत एक जुनी पद्धत होती: माणूस इलाज मनापासून करतोय असं त्याच्या घरच्या, स्वयंपाक करणाऱ्या माणसानं लिहून सही केली, तर आणखी महिनाभर मुदत मिळायची. कागदावर एकच ओळ होती. 'पथ्य काटेकोरपणे पाळलं जात आहे.' खाली सहीची जागा.

मामांनी पेनही उघडून ठेवलं होतं.

बाईंनी ओळ दोनदा वाचली. "शनिवारपर्यंत थांबायला सांगा त्यांना."

"थांबत नाहीत गं. उद्या दुपारी बारापर्यंत. नाहीतर सोमवारपासून मी खाली."

"मग मी सही करू शकत नाही."

"का?"

"खोटी सही मी बावीस वर्षांत केलेली नाही."

मामांचा चेहरा पांढराफटक पडला. "खोटी?" ते म्हणाले. "अगं, मी खाल्लेलं नाही काही. सात आठवडे गवत चघळतोय मी. तू म्हणालीस म्हणून. तुझ्या वडिलांना गुण आला म्हणून. एकदा तरी म्हणालो का, की नको? आईशपथ सांगतो."

"आईला मधे आणू नका. दुरुस्त आकडा एकशे त्र्याहत्तर आहे तुमचा! वर बसल्या बसल्या काही झालं तर? मला तुम्ही जिवंत हवेत, खाली असलात तरी चालेल!" बाईंचा आवाज फुटला. "मी सही करायची आणि तुम्ही वर जाऊन मरायचं, हे मला नाही जमणार."

मामांनी पेनाचं टोपण लावलं, कागदाची घडी घातली आणि ते आतल्या खोलीत गेले. भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं, असं बाईंना त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

शुक्रवारी बारा वाजता मुदत संपली. मामांनी क्रेनची किल्ली अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवली आणि ते घरी आले.

शनिवारी सकाळी दोघं डॉक्टरीणबाईंकडे गेली. मामा यायला तयार नव्हते. बाईंनी ओढूनच आणलं. निकाल त्यांच्यासमोरच वाचला जावा, अशी बाईंची इच्छा होती. डॉक्टरीणबाईंनी लखोटा फोडला, कागद बघितला, परत बघितला आणि मामांकडे वळून म्हणाल्या, "कमाल आहे तुमची!"

बाई सावरून बसल्या. "किती निघालं?"

"साडेतीन ग्रॅम. इतकं कडक पथ्य मी कुणाचंच पाहिलेलं नाही. माणसं माझ्यासमोर माना डोलवतात आणि जिना उतरून वेफर्स घेतात. आणि हे तर कामाच्या दिवशीचं! कसं जमवलंत हो?"

बाईंनी कागद हातात घेतला. नाव बरोबर, तारीख बरोबर, कॅनचा क्रमांक त्यांनीच घातलेला. झाकणावरची तार त्यांच्या डोळ्यांदेखत तोडली गेली होती. शंका घ्यायला कुठे बोटभरही जागा नव्हती. जिथे होती तिथे त्यांनी स्वतःच जाऊन लाख लावली होती.

"मग आकडा का उतरला नाही?" त्यांनी विचारलं.

"वही बघू." डॉक्टरीणबाईंनी पानं उलटली. "हे 'यंत्र' काय आहे?"

"मी. म्हणजे यंत्र बरोबर चालतंय का ते आधी माझ्यावर तपासते. नंतर ते कमी दाखवायला लागलं. म्हणून 'दुरुस्त'चा रकाना..."

डॉक्टरीणबाईंनी खणातून आपलं यंत्र काढलं आणि न विचारता बाईंच्या दंडाला पट्टा बांधला. पट्टा फुगला, सैल झाला. "एकशे एकोणीस," त्या म्हणाल्या. "तुमच्या यंत्रात काडीची चूक नाही. तुमचं प्रेशर उतरलंय, बाई. एकशे अडतीस होतं, चढणीला लागलेलं होतं, तुम्हाला पत्ताही नव्हता. मीठ कमी केलं आणि वीस अंकांनी खाली आलं. तुमच्या वडिलांसारखं."

"पण दोघांनी तेच खाल्लं," बाई म्हणाल्या. "मोजून. तितकंच."

"शरीरं सारखी नाहीत ना! मीठ आत गेलं की मूत्रपिंडं ते बाहेर टाकतात. कुणाची पटापट टाकतात, कुणाची धरून ठेवतात. धरून ठेवलं की पाणीही थांबतं आणि दाब चढतो. कुणाचं कसं, हे बरंचसं आईबापांकडून आलेल्या जनुकांवर असतं. एखादंच जनुक नाही, पुष्कळ आहेत, आणि सगळी अजून कुणालाच नीट उमगलेली नाहीत. तुमचे वडील धरून ठेवणाऱ्यांतले असावेत, तुम्हीही तशाच दिसता. हे तसे नाहीत. यांचं प्रेशर दुसऱ्या वाटेनं येतंय, तीही घराण्यातलीच असेल, थोरल्या भावाकडे बघता. मीठ कमी केलंत ते वाया गेलं असं नाही. पण यांना पहिल्याच दिवशी गोळी हवी होती. मीच तेव्हा ठाम राहायला हवं होतं."

त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. बाहेर पडताना मामांनी दार उघडून धरलं, बाईंना आधी जाऊ दिलं, नेहमीसारखंच. बाईंच्या डोळ्यांपुढे ती सात आठवड्यांची फिकी ताटं येत होती, आणि त्यांच्यापुढे बसून मुकाट घास गिळणारा माणूस. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

सोमवारी बाई सुरक्षा अधिकाऱ्यासमोर उभ्या होत्या. निकालाचा कागद, वही, आणि पांढऱ्या कागदावर स्वतः लिहिलेलं निवेदन: माझ्या नवऱ्यानं पथ्य काटेकोरपणे पाळलं आहे, सही न करण्यात चूक माझी आहे. बावीस वर्षांत त्यांनी कुणावरचा ठपका मागे घेतला नव्हता. हे निवेदनही त्यांना दोनदा खोडून जमवावं लागलं. अधिकाऱ्यानं ते शेवटपर्यंत वाचलं.

"गुरुवारी का नाही हो आलात?" तो कळवळून म्हणाला. "क्रेन रिकामी ठेवता येत नाही. शनिवारीच दुसरा माणूस घेतला, सहा महिन्यांच्या करारावर. तोवर ही इमारत पूर्ण होते आणि क्रेन उतरते. मामांचं निवृत्तीचं वयही तेवढ्यातच येतंय ना?"

येत होतं. त्या हिशेबानं मामा परत कधीच वर जाणार नव्हते.

मामांना साइटच्या कोठारात बसवलं. हेल्मेट द्यायची, हातमोजे द्यायचे, दोर परत आले की गुंडाळून ठेवायचे. गोळी लागू पडली. तिसऱ्या आठवड्यात आकडा एकशे बत्तीसवर आला. तो बघून बाईंना रडू कोसळलं. मामांनी पट्टा सोडवला, नीट गुंडाळला आणि म्हणाले, "चला, बरं झालं."

त्या रविवारी दुपारी दोघं गॅलरीत चहा घेत बसली होती. तिथून छपरांच्या पलीकडे ती क्रेन दिसते. तिचा हात सावकाश फिरत होता, टोकाला लोखंडाची मोळी लटकत होती आणि थोडी हेलकावे खात होती. मामांच्या हातून ती कधी हेलकावली नव्हती. मामा बघत होते.

"अहो," बाई म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी आठवडाभर घोळवलं होतं. "चुकलं माझं. फार चुकलं. तुमचा शब्द पुरेसा होता."

"असू दे."

"कॅन भरून आणायला लावला मी तुम्हाला. कागद आला म्हणून विश्वास ठेवला. कागद हरवला असता तर काय केलं असतं मी?"

मामांनी चहाचा घोट घेतला. या प्रश्नाचं उत्तर दोघांनाही माहीत होतं.

"तुम्हाला माझा राग आला असेल."

"नाही गं," मामा म्हणाले. "मला राग नाही आला."

त्यांनी ते बाईंच्या डोळ्यांत बघून म्हटलं, गरजेपेक्षा जरा जास्त वेळ बघून, आणि मग पटकन क्रेनकडे मान वळवली. कपाला धरलेली त्यांची बोटं पांढरी पडली होती. बावीस वर्षं बाजारात काढलेल्या बाईला हे ओळखायला क्षण लागला नाही. तीस वर्षांच्या संसारात तो माणूस त्यांच्याशी पहिल्यांदा खोटं बोलत होता.

बाईंच्या ओठांवर पुढचा प्रश्न आला होता. त्यांनी तो गिळला.

"बरं," त्या म्हणाल्या, आणि मामांच्या कपात आणखी चहा ओतला.